बॉर्डनची वाळू: पर्क आत किती जातं, बाहेर कधी येतं

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरांटोपासून उत्तरेकडे सुमारे ८० किलोमीटरवर, बॉर्डन हा लष्करी तळ आहे. तिथल्या एका जुन्या वाळूच्या खाणीत २३ ऑगस्ट १९८२ रोजी नऊ बारीक विहिरींतून १२ घनमीटर पाणी जमिनीखाली सोडण्यात आलं. म्हणजे जेमतेम एक मोठा टँकर. त्या पाण्यात क्लोराइड आणि ब्रोमाइड हे दोन क्षार मोजून मिसळले होते आणि त्यांच्या जोडीला पाच सेंद्रिय रसायनं होती: कार्बन टेट्राक्लोराइड, ब्रोमोफॉर्म, टेट्राक्लोरोइथिलीन (शीर्षकातलं पर्क ते हेच), १,२-डायक्लोरोबेन्झीन आणि हेक्साक्लोरोइथेन. पुढची जवळपास तीन वर्षं त्या पाण्याला कुणी ढकललं नाही की ओढलं नाही. जमिनीखालचं पाणी आपल्या चालीने वाहत राहिलं आणि माणसं ते पाणी कुठवर पोचलं एवढंच पाहत राहिली.

हा खटाटोप अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि कॅनडातल्या वॉटरलू या दोन विद्यापीठांचा. स्टॅनफर्डचे पॉल रॉबर्ट्स, डेव्हिड फ्रायबर्ग, मार्टिन राइनहार्ड, डग्लस मॅकाय आणि वॉटरलूचे जॉन चेरी ही त्यातली ठळक नावं. त्याआधीच्या काही वर्षांत अमेरिकेत एकामागून एक गावांच्या विहिरींत औद्योगिक सॉल्व्हंट, म्हणजे तेलकट मळ विरघळवणारी द्रव रसायनं, सापडू लागली होती. प्रत्येक ठिकाणी अडचण तीच: गळती कधी सुरू झाली, किती माल गेला, कुठून गेला, काहीच पक्कं ठाऊक नसायचं. सुरुवातच माहीत नसेल तर 'हे रसायन पाण्याच्या मानाने किती हळू सरकतं' याचं उत्तर काढायचं कसं? बॉर्डनला तारीख, जागा आणि वजन तिन्ही हातात होतं. आज अशा प्रयोगाला परवानगी मिळणं अवघडच. त्या एका टँकरवर भूजलशास्त्राच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या, असं म्हटलं तरी चालेल.

पाचही रसायनांची गोष्ट सांगण्यापेक्षा मी टेट्राक्लोरोइथिलीनवर थांबतो. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आणि धातूचे भाग धुणाऱ्या कारखान्यांत याला पर्क म्हणतात. सोडलेल्या पाण्यात पर्क लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम होतं. १२,००० लिटरांचा हिशोब केला तर सगळं मिळून ०.३६ ग्रॅम, म्हणजे चार-पाच थेंब. कमी वाटेल, पण अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात पर्कची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशोबाने हे थेंब ७२,००० लिटर पाणी मर्यादेच्या काठावर आणायला पुरेसे आहेत.

वाळू कशी होती, ते महत्त्वाचं आहे. बारीक ते मध्यम कणांची, हिमयुगाच्या अखेरीस साचलेली. क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि चुनखडीचे कण. गाळ नाही, चिकणमाती नाही, कुजलेला पालापाचोळा तर नाहीच. सेंद्रिय कार्बन वजनाच्या सुमारे ०.०२ टक्के. शेतातल्या मातीत अर्धा-एक टक्का असतो, त्याच्या पंचवीस ते पन्नासपट कमी. पाणी जमिनीपासून साधारण एक मीटरवर लागतं आणि दिवसाला सुमारे ९ सेंटीमीटर चालतं, वर्षाला ३३ मीटर.

सेंद्रिय कार्बनची एवढी चौकशी का, तर पर्क आणि माती यांचा संबंध बहुतांशी त्यातूनच येतो. पर्कच्या रेणूवर विद्युतभार नाही, पाण्याला धरून ठेवण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. पाण्याचे रेणू आपापसात घट्ट धरलेले असतात आणि मध्ये घुसलेला हा पाहुणा त्यांना नको असतो. जवळपास सेंद्रिय पदार्थाचा कण दिसला की पर्क तिकडे वळतं, कारण तिथे ते पाण्यापेक्षा सुखाने राहतं. यात रासायनिक बंध जुळत नाही. पर्क मातीत शिरतं आणि बाजूचं पाणी स्वच्छ झालं की परत निघतं. जाणं-येणं दोन्ही बाजूंनी चालू असतं. ठरतं ते एवढंच, की कुठल्याही क्षणी किती रेणू पाण्यात आहेत आणि किती कणात.

यातूनच मंदन गुणांक निघतो, म्हणजे रसायन पाण्याच्या मानाने किती पट हळू सरकतं तो आकडा. एसटीचा लाल डबा आणि विनाथांबा गाडी रस्त्यावर असताना सारख्याच वेगाने धावतात. लाल डबा मागे पडतो तो फाट्याफाट्यावर थांबून. पर्कचा रेणू पाण्यात असतो तेव्हा पाण्याच्याच वेगाने जातो आणि कणात शिरला की उभा राहतो. मंदन गुणांक ३ म्हणजे एकूण वेळेपैकी एक तृतीयांश चालण्यात, दोन तृतीयांश थांब्यावर. क्लोराइड आणि ब्रोमाइड या विनाथांबा गाड्या. म्हणूनच तर ते पाण्यात मिसळले होते.

तेव्हाची रूढ पद्धत अशी: जमिनीतला सेंद्रिय कार्बन मोजायचा, ते रसायन अशा कार्बनकडे किती ओढलं जातं त्याचा तक्त्यातला आकडा घ्यायचा, दोन्हींचा गुणाकार करायचा. बॉर्डनच्या वाळूसाठी या पद्धतीने पर्कचा मंदन गुणांक आला सुमारे १.३. म्हणजे पर्क पाण्याच्या थोडंसंच मागे राहणार. वाळू इतकी स्वच्छ, की पर्कला थांबायला जागाच नाही, असा त्या आकड्याचा अर्थ होता.

दुसरा आकडा प्रयोगशाळेतून आला. गॅरी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी तीच वाळू काचेच्या कुप्यांत पर्क मिसळलेल्या पाण्याबरोबर काही दिवस घोळवली आणि पाण्यात किती उरलं ते पाहिलं. तिथून मंदन गुणांक निघाला ३.६ च्या आसपास. तक्त्याचा अंदाज इथेच कोसळला.

आणि मग प्रत्यक्ष जागेवरचा आकडा. पाणी सोडलेल्या जागेपासून प्रवाहाच्या दिशेने बारीक नळ्यांच्या जुड्या जमिनीत पुरलेल्या होत्या, प्रत्येक नळीचं तोंड वेगळ्या खोलीवर. अशी सगळी मिळून सुमारे ५,००० तोंडं. ठरावीक काळाने सगळीकडचे नमुने घेऊन प्रत्येक रसायनाच्या ढगाचं, म्हणजे पाण्याबरोबर पसरत गेलेल्या पट्ट्याचं, वस्तुमान-केंद्र कुठे आहे ते काढायचं आणि ब्रोमाइडच्या केंद्राशी ताडून पाहायचं. कष्टाळू काम, पण निकाल शंकेला फारशी जागा न ठेवणारा. ६३३ व्या दिवसापर्यंत पाणी सुमारे ५७ मीटर पुढे गेलं होतं. तक्त्याचा १.३ खरा असता तर पर्कचा ढग ४४ मीटरवर असायला हवा होता. त्याने त्याच्या निम्मंही अंतर कापलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर 'तक्ता चुकला, प्रयोगशाळा बरोबर' म्हणून विषय मिटला असता. पण मंदन गुणांक एका जागी राहिलाच नाही. पर्कचा गुणांक सुरुवातीच्या दिवसांत २.७ होता आणि ६५० दिवसांच्या सुमारास ५.९ झाला. कार्बन टेट्राक्लोराइडचा १.८ वरून २.५ वर गेला, ब्रोमोफॉर्मचा १.९ वरून २.८ वर, हेक्साक्लोरोइथेनचा ५.१ वरून ७.९ वर आणि डायक्लोरोबेन्झीनचा ३.९ वरून थेट ९ वर. म्हणजे कुपीतला ३.६ हा आकडा पर्कसाठी आरंभी जास्त ठरला आणि शेवटी फारच कमी. गुणांक म्हणजे त्या वाळूचा स्थिर गुणधर्म, ही समजूत पाचही रसायनांनी एकदमच मोडली. हे सगळं १९८६ मध्ये 'वॉटर रिसोर्सेस रिसर्च' या नियतकालिकात लेखमालेच्या रूपात आलं.

कणाच्या आत

गुणांक वाढत का गेला? पुढचं उत्तर बऱ्याच अंशी विल्यम बॉल यांनी रॉबर्ट्स यांच्याबरोबर केलेल्या कामातून आलं; ते १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. बॉर्डनची वाळू आणि पर्क मिसळलेलं पाणी काचेच्या कुप्यांत भरून, कुप्या ज्योतीवर वितळवून बंद केल्या, आणि मग वाट पाहिली. आठवडे, महिने. वाळू पर्क घेतच राहिली. समतोल साधायला दहा-वीस नव्हे, काही बाबतींत शेकडो दिवस लागले. समतोलाला वाळूने धरलेलं पर्क तक्त्याच्या अंदाजाच्या दहापटीहून अधिक भरलं.

मग त्यांनी वाळू दळली. पिठासारख्या झालेल्या वाळूत तोच समतोल फार लवकर आला. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत देखणा पुरावा वाटतो, कारण त्यात गणिताची गुंतागुंत नाही. पर्क कणाच्या पृष्ठभागावर बसत असतं तर दळल्याने वेळेत एवढा फरक पडायला नको होता. दळल्यावर आतला प्रवास संपला, म्हणजे वेळ त्या प्रवासातच जात होता.

वाळूचा कण आपण भरीव गोटा समजतो. बॉर्डनच्या कणांत, विशेषतः चुनखडीच्या आणि अनेक बारीक खनिजं जुळून बनलेल्या कणांत, अतिसूक्ष्म छिद्रं आहेत. त्यांतलं पाणी वाहत नाही. पर्कला आत जायचं तर विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपसूक भटकण्याने, वाकड्यातिकड्या बोळांतून सरकत जावं लागतं. त्यातही एक गोम आहे: बोळाच्या भिंतीही पर्क धरतात. रेणू दोन पावलं आत जातो, भिंतीला लागतो, सुटतो, पुन्हा दोन पावलं. जे पदार्थ भिंतीला जास्त धरून राहतात त्यांना आत पोचायला तितकाच जास्त वेळ, आणि त्यांचा गुणांकही जास्त काळ वाढत राहणार. डायक्लोरोबेन्झीनचा ३.९ वरून ९ आणि कार्बन टेट्राक्लोराइडचा १.८ वरून २.५ या दोन आकड्यांतला फरक इथे अर्थपूर्ण होतो. कणाचा आकारही तितकाच बोलका: विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून दुप्पट जाडीच्या कणाला चौपट वेळ. सरासरी कणावरून काढलेला हिशोब त्यामुळे मूठभर जाड्या कणांपुढे फसतो.

केवळ विसरणानेच सगळं उलगडतं असं नाही. बॉर्डनची वाळू दिसते तितकी एकसारखी नाही, थराथराने तिची पर्क धरण्याची ताकद बदलते. शिवाय तिच्यातला थोडासा जो कार्बन आहे तो सगळा कुजलेल्या पाल्याचा नाही. काही कणांत लाखो वर्षं दाबल्या-तापल्या गेलेल्या खडकातला जुना, काळपट कार्बन आहे, आणि तो ताज्या सेंद्रिय पदार्थापेक्षा पर्क कितीतरी जोरात धरतो. तक्त्यातले आकडे ताज्या सेंद्रिय पदार्थावरून बसवलेले होते. तरीही मंदन गुणांक काळाबरोबर वाढण्यामागे आतला संथ प्रवास मोठा वाटेकरी आहे, यावर माझा विश्वास आहे. दळलेल्या वाळूने ते दाखवलं.

सुटण्याची बाजू

आत जायला वेळ लागतो, तसाच बाहेर यायलाही लागतो. कधीकधी त्याहून जास्त. बॉर्डनमध्ये ढग पुढे सरकताना त्याच्या मागच्या बाजूला हेच घडत होतं. स्वच्छ पाणी येऊन पोचलं तरी कणांच्या आतलं पर्क अजून बाहेर पडत होतं.

याचं टोकाचं रूप वेगळ्याच ठिकाणी दिसलं. कनेक्टिकट राज्यातल्या तंबाखूच्या शेतांत पूर्वी एथिलीन डायब्रोमाइड हे धुरी-कीटकनाशक वापरलं जाई. हेच द्रव्य शिसेयुक्त पेट्रोलमध्येही घालत. ते सहज उडून जातं, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि जिवाणू ते खातात, त्यामुळे काही महिन्यांत त्याचा मागमूस राहू नये. स्टाइनबर्ग, पिग्नाटेलो आणि सॉनी यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की शेवटच्या वापरानंतर १९ वर्षांनीही ते मातीत आहे. त्याच मातीत किरणोत्सारी खूण असलेलं ताजं डायब्रोमाइड घातलं तर ते पटकन सुटलं आणि जिवाणूंनीही खाल्लं. जुनं मात्र हललं नाही. माती दळल्यावर ते मोकळं झालं. एकाच ढेकळात एकाच रसायनाचे दोन साठे: एक नवा, पृष्ठभागाजवळचा, आणि एक जुना, आत खोल. मातीत दूषण किती आहे हे कळलं, पण ते केव्हापासून आहे हे कळलं नाही, तर सुटण्याचा वेग सांगता येत नाही.

आता बॉर्डनचा जमाखर्च पाहू. मंदन गुणांक २.७ असतो तेव्हा पर्कपैकी ३७ टक्के पाण्यात असतं, बाकी कणांत. गुणांक ५.९ झाला की पाण्यात उरतं १७ टक्के. या दोन अवस्थांच्या मध्ये एकही रेणू नष्ट झालेला नाही. तरी फक्त पाण्याचे नमुने तपासणाऱ्याला वाटेल, की पर्क निम्म्याहून कमी झालं. बॉर्डनमध्ये पर्क आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांचं एकूण वजन काळाबरोबर टिकून राहिल्याचं दिसलं, ते कणांतला हिस्सा धरून हिशोब केला म्हणूनच. उलट ब्रोमोफॉर्म, डायक्लोरोबेन्झीन आणि हेक्साक्लोरोइथेन यांचं वजन खरोखर घटत गेलं. हेक्साक्लोरोइथेनचं तर पर्कमध्येच रूपांतर होतं, हे त्याच वाळूवर दाखवलं गेलं. म्हणजे एका दूषकाच्या घटीतून दुसरा वाढतो. 'नैसर्गिक क्षय होत आहे' असं वाक्य केवळ विहिरीतल्या पाण्याच्या आलेखावर लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारतो, मातीचा नमुना कुठे आहे? बहुतेक वेळा तो घेतलेलाच नसतो. पाणी काढणं स्वस्त, जमिनीत खोलवरून मातीचा गाभा काढणं महाग.

उपसा

१९८० च्या दशकात दूषित भूजलावरचा सरसकट उपाय म्हणजे पाणी उपसून, गाळून, पुन्हा सोडणं. मंदन गुणांक ६ असलेल्या जमिनीत, सगळं आदर्श घडलं तरी, कणाकणांच्या मधल्या छिद्रांतलं पाणी किमान सहा वेळा बदलावं लागतं. पण आदर्श घडत नाही. पंप चालू असताना मोठ्या छिद्रांतलं पाणी भराभर बदलतं, कणांच्या आतलं पर्क आपल्या चालीनेच निघतं. पाण्यातलं प्रमाण झपाट्याने उतरतं आणि मग मर्यादेच्या थोडं वर एक लांबलचक शेपूट लागतं. पंप बंद केला की काही महिन्यांत प्रमाण पुन्हा वर. पंप दुप्पट जोराने चालवला तर पर्क लवकर निघत नाही, तेच पर्क जास्त पाण्यात पातळ होऊन येतं आणि विजेचं बिल वाढतं.

बॉर्डनच्या अनुभवातून गेलेले मॅकाय आणि चेरी यांनीच १९८९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की उपसा हा दूषण रोखून धरण्याचा उपाय आहे, जमीन साफ करण्याचा नव्हे. तेव्हा हे अनेकांना रुचलं नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अशी ७७ ठिकाणं तपासली, तेव्हा ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पोचलेली ठिकाणं मोजकीच निघाली.

दोष सगळा कणांच्या छिद्रांवर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. बॉर्डनच्या त्या टँकरमध्ये पर्क पूर्ण विरघळलेलं होतं. खऱ्या गळतीत शुद्ध पर्क जमिनीत जातं. ते पाण्याच्या १.६ पट जड असल्याने पाण्याखाली बुडत जातं आणि बारीक कणांच्या थरांवर तळी करून बसतं. तिथून ते वर्षानुवर्षं विरघळत राहतं, शेजारच्या चिकणमातीच्या थरांत विसरणाने मीटरभरही आत शिरतं. तेव्हा कणाच्या आतला प्रवास हा त्या मोठ्या प्रवासाचा एक भाग होतो. बॉर्डनमध्येच पुढे चारी बाजूंनी पोलादी पत्रे ठोकून जमिनीचा एक चौकोन वेगळा केला, त्यात २३१ लिटर शुद्ध पर्क सोडलं, आणि नंतर तो थराथराने खोदून पर्क कुठे बसलंय ते पाहिलं. उघड्या डोळ्यांनी वेगळे न दिसणाऱ्या थरांनीही त्याची वाट वळवली होती.

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात अशी वाळू नाही. दख्खनी बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि मुरमाच्या थरातून चालतं. बॉर्डनचा ५.९ हा आकडा इथे आणून बसवण्यात काही अर्थ नाही. विसरणाचा नियम मात्र इथेही लागू आहे, फक्त अंतर बदलतं: वाळूच्या कणाऐवजी भेगेपासून आत गेलेला कुजका, सच्छिद्र दगड. आणि वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो.

पर्क बाहेर काढता येत नसेल, निदान परवडेल अशा वेळेत, तर काय करायचं? वॉटरलूच्या रॉबर्ट गिलहॅम यांनी याच बॉर्डनमध्ये १९९१ मध्ये एक वेगळी वाट धरली. पर्क आणि त्याचाच भाऊबंद असलेल्या ट्रायक्लोरोइथिलीनचा साठा भूजलाखाली ठेवून त्याच्या खालच्या अंगाला, प्रवाहाला आडवी, १.६ मीटर जाडीची एक भिंत पुरली: वजनाने २२ टक्के लोखंडाचा कीस आणि ७८ टक्के वाळू. पाणी तिच्यातून झिरपतं, लोखंड गंजताना क्लोरीन असलेले रेणू मोडतं. पंप नाही, वीज नाही. पाच वर्षं पाहणी केली. भिंतीतून जाताना सुमारे ९० टक्के ट्रायक्लोरोइथिलीन आणि ८६ टक्के पर्क नाहीसं होत राहिलं, आणि त्या काळात भिंतीची ताकद घटल्याचं दिसलं नाही. उरलेलं १४ टक्के पर्क भिंत अपुऱ्या लोखंडाची होती म्हणून निसटलं, त्यामुळे नंतरच्या व्यावसायिक भिंतींत लोखंडाचं प्रमाण बरंच वाढवलं गेलं, पुष्कळदा पूर्ण १०० टक्के. वाळूला पर्क सोडायला जितकी वर्षं लागतील तितकी वर्षं ती भिंत टिकायला हवी, एवढीच अट. ती वर्षं किती, हे ठरवण्यासाठी पुन्हा कणांच्या आतलाच आकडा लागतो.